न्यूमोनियाची लस मोठ्यांनीही घ्यावी का? कोणी, कधी आणि कोणती

माझ्याकडे नियमित येणारे एक रुग्ण आहेत. वय ६७, बारा वर्षांपासून मधुमेह, पूर्वी बिडीची सवय. दर दोन महिन्यांनी मुलाबरोबर साखर दाखवायला येतात. तीन वर्षांपूर्वी डिसेंबर महिन्यात त्यांच्या सूनबाईंचा फोन आला. "डॉक्टर, अण्णा कालपासून जेवत नाहीत, आणि आज सकाळपासून काहीतरी असंबद्ध बोलतायत. साखर उतरली असेल का?"

साखर उतरलेली नव्हती, उलट ३०० च्या वर गेली होती. ताप अगदी किरकोळ, खोकलाही फारसा नाही. पण श्वास मिनिटाला ३२ चालला होता आणि ऑक्सिजन ८६ दाखवत होता. एक्स-रे काढला तर उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग पांढरा झालेला. न्यूमोनिया होता. मोठ्या रुग्णालयात नऊ दिवस राहावे लागले, त्यातले चार आयसीयूत. बरे होऊन घरी आले, पण पूर्वीसारखे पारापर्यंत चालत जायला दोन महिने लागले.

पुढच्या भेटीत मुलाने विचारले, "तिथले डॉक्टर म्हणाले, याची लस असते. आम्ही इतकी वर्षं तुमच्याकडे येतोय, तुम्ही कधी बोलला नाहीत?" त्याचे बरोबर होते. मी साखर बघत होतो, रक्तदाब बघत होतो, पायाच्या जखमा बघत होतो. लसीचा विषय माझ्याकडून राहून गेला होता. लस म्हटले की आपल्याला लहान मुले आठवतात, आणि ही सवय डॉक्टरांनाही असते. तेव्हापासून पन्नाशीपुढच्या प्रत्येक रुग्णाशी मी हा विषय काढतो. त्यांना जे सांगतो तेच इथे लिहितो आहे.

न्यूमोनिया म्हणजे काय?

आपल्या फुप्फुसांत हवेच्या लाखो बारीक पिशव्या असतात. श्वास घेतला की त्यात हवा भरते आणि तिथून ऑक्सिजन रक्तात जातो. जंतुसंसर्गामुळे या पिशव्यांत पू किंवा द्रव साचला की त्याला न्यूमोनिया म्हणतात. तेवढ्या भागातून ऑक्सिजन रक्तात पोहोचत नाही, म्हणून धाप लागते.

न्यूमोनिया हा एकाच जंतूचा आजार नाही. जिवाणू, विषाणू आणि क्वचित बुरशी, या सगळ्यांमुळे तो होऊ शकतो. फ्लू आणि कोविडच्या विषाणूंमुळेही होतो. मात्र जिवाणूंमुळे होणाऱ्या न्यूमोनियात एक नाव जगभर सर्वांत वरच्या क्रमांकांत असते: स्ट्रेप्टोकॉकस न्यूमोनिए. बोलताना आम्ही त्याला न्यूमोकॉकस म्हणतो.

हा जंतू पुष्कळदा निरोगी माणसाच्या, विशेषतः लहान मुलांच्या, नाकात आणि घशात काही त्रास न देता राहतो. खोकल्या-शिंकांच्या तुषारांतून तो दुसऱ्याकडे जातो. ज्याची प्रतिकारशक्ती कमी झाली आहे त्याच्या फुप्फुसात उतरला की न्यूमोनिया होतो. कधी तो रक्तात शिरतो, कधी मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचतो. असे झाले तर योग्य प्रतिजैविके वेळेवर देऊनही रुग्ण हाती लागेलच याची खात्री देता येत नाही. लसीचे महत्त्व इथे आहे.

लस नेमके काय करते आणि काय करत नाही?

ज्याला आपण "न्यूमोनियाची लस" म्हणतो ती खरे तर न्यूमोकॉकसविरुद्धची लस आहे. दुसऱ्या जंतूंमुळे होणारा न्यूमोनिया ती थांबवत नाही. म्हणून "लस घेतली, आता न्यूमोनिया होणारच नाही" असे मी कुणालाही सांगत नाही.

या जंतूभोवती साखरेच्या रेणूंचे एक वेष्टण असते. त्या वेष्टणाच्या फरकावरून त्याचे शंभराहून अधिक प्रकार ओळखले गेले आहेत. लसीत जास्त त्रास देणाऱ्या निवडक प्रकारांच्या वेष्टणाचे अंश असतात. लसीच्या नावापुढे १३, २० किंवा २३ असा जो आकडा असतो, तो तिच्यात किती प्रकार धरले आहेत ते सांगतो.

फायदा किती? नेदरलँड्समध्ये ६५ वर्षांवरील सुमारे ८५ हजार लोकांवर पीसीव्ही १३ या लसीचा मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. लसीतल्या १३ प्रकारांमुळे होणारा न्यूमोनिया लस घेतलेल्यांत सुमारे ४५ टक्क्यांनी कमी दिसला. या प्रकारांचा रक्तात किंवा मेंदूच्या आवरणात पसरणारा गंभीर आजार ७५ टक्क्यांनी कमी झाला. मात्र सगळ्या कारणांचे न्यूमोनिया एकत्र मोजले तेव्हा ठळक फरक दिसला नाही.

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही तुम्हाला माहीत असाव्यात. लस प्रत्येक न्यूमोनिया टाळत नाही. पण जो आजार जिवावर बेततो, त्यातला एक मोठा आणि टाळता येणारा वाटा ती कमी करते. मोटारसायकलवर हेल्मेट घातल्याने अपघात टळत नाहीत, डोके वाचते. तसेच हे आहे.

लस कोणी घ्यावी?

वय वाढते तशी प्रतिकारशक्ती मंदावते. पूर्वी बहुतेक ठिकाणी ६५ वर्षांपुढे ही लस सुचवली जायची. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्यसंस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये ही मर्यादा ५० वर्षांवर आणली. आपल्याकडे मधुमेह आणि हृदयविकार चाळिशी-पन्नाशीतच गाठतात, त्यामुळे पन्नाशीनंतर हा विषय डॉक्टरांशी बोलून घेणे मला योग्य वाटते.

वय कमी असले तरी पुढीलपैकी काही असेल तर लसीचा विचार जरूर करावा:

- मधुमेह
- हृदयविकार, हृदयाची पंपिंगची ताकद कमी असणे
- दमा, सीओपीडी किंवा फुप्फुसाचा अन्य जुना आजार
- मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा जुना आजार
- बिडी, सिगारेट किंवा दारूचे व्यसन
- कर्करोग, एचआयव्ही, अवयव प्रत्यारोपण
- दीर्घकाळ स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे (उदा. संधिवातासाठी)
- प्लीहा काढलेली असणे किंवा ती नीट काम करत नसणे
- कानात बसवलेले कॉक्लिअर इम्प्लांट

यातल्या प्लीहेबद्दल थोडे अधिक. न्यूमोकॉकससारखे वेष्टण असलेले जंतू रक्तातून गाळून काढण्याचे काम मुख्यतः प्लीहा करते. सिकलसेल आजारात लहानपणापासूनच ती हळूहळू निकामी होते. विदर्भात आणि नंदुरबारच्या पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण असलेली अनेक कुटुंबे आहेत. अशा घरात ही लस चुकवू नये, आणि सिकलसेलच्या मुलाला ताप आला तर घरी थांबून वाट पाहू नये. प्लीहा काढण्याची शस्त्रक्रिया ठरली असेल तर लस शक्यतो किमान दोन आठवडे आधी घ्यावी.

कोणत्या लसी आहेत आणि किती डोस लागतात?

मोठ्यांसाठीच्या लसींचे दोन गट आहेत.

*कॉन्ज्युगेट लस (पीसीव्ही):* यात वेष्टणातल्या साखरेला एक प्रथिन जोडलेले असते. त्यामुळे शरीर तो जंतू अधिक चांगला "लक्षात ठेवते" आणि संरक्षण टिकाऊ होते. पीसीव्ही १३, १५, २० आणि २१ या या गटातल्या लसी.

*पॉलिसॅकराइड लस (पीपीएसव्ही २३):* ही जुनी, १९८३ पासून वापरात असलेली लस. ती २३ प्रकारांवर चालते, पण प्रथिन जोडलेले नसल्याने शरीराची आठवण तितकी पक्की होत नाही आणि काही वर्षांत परिणाम ओसरतो. दोन वर्षांखालील मुलांना ती उपयोगी पडत नाही.

ज्यांनी आधी कोणतीच न्यूमोकॉकल लस घेतलेली नाही, त्यांच्यासाठी साधारण क्रम असा:

- पीसीव्ही २० किंवा २१ मिळाली तर एकच डोस. त्यानंतर दुसरी लस लागत नाही.
- पीसीव्ही १३ किंवा १५ घेतली तर साधारण एक वर्षाने पीपीएसव्ही २३. प्रतिकारशक्ती खूप कमी असलेल्यांना हे अंतर डॉक्टर आठ आठवड्यांपर्यंत कमी करतात.
- आधी फक्त पीपीएसव्ही २३ घेतली असेल तर किमान एक वर्षाने पीसीव्हीचा एक डोस.

प्रतिकारशक्ती कमी असलेल्या काही रुग्णांना पाच वर्षांनी पीपीएसव्ही २३ पुन्हा द्यावी लागते. ते तुमच्या आजारावर ठरते, म्हणून स्वतःच्या मनाने डोस वाढवू किंवा टाळू नका. आपल्या गावात कोणती लस मिळते, हेही डॉक्टरांना विचारा. सगळ्या लसी सगळीकडे मिळत नाहीत.

इंजेक्शन दंडाच्या वरच्या भागात देतात. संरक्षण तयार व्हायला दोन ते तीन आठवडे लागतात. त्यामुळे थंडी सुरू होण्याआधी किंवा लांबच्या प्रवासाआधी हा वेळ धरून लस घ्यावी. तसा महिन्याचा मुहूर्त काही नाही, वर्षभरात कधीही घेता येते.

खर्चाचे काय?

हा प्रश्न रुग्ण कमी विचारतात, पण मनात असतो. लहान मुलांना ही लस सरकारी केंद्रात मोफत मिळते. मोठ्यांसाठी मात्र ती राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात नाही. बाहेर घ्यायची तर कॉन्ज्युगेट लसीला काही हजार रुपये पडतात. निवृत्तिवेतनावर किंवा शेतीवर चालणाऱ्या घरात हा खर्च लहान नाही.

म्हणून सगळ्यांची एकदम घेणे जमत नसेल, तर घरात सर्वांत जास्त धोका कुणाला आहे ते ठरवा. धडधाकट ५२ वर्षांच्या मुलापेक्षा दमा असलेल्या ७० वर्षांच्या आईची पाळी आधी. नोकरीच्या ठिकाणची आरोग्य योजना, माजी सैनिकांची योजना किंवा विमा यातून काही भरपाई मिळते का, तेही विचारून पाहा. आणि लस आज शक्य नसली तरी बिडी-सिगारेट सोडणे आणि साखर आटोक्यात ठेवणे यानेही न्यूमोनियाचा धोका कमी होतो. त्याला पैसे लागत नाहीत.

घरातल्या बाळाची लस आजी-आजोबांनाही उपयोगी

भारतात पीसीव्हीचा समावेश २०१७ पासून टप्प्याटप्प्याने झाला आणि २०२१ मध्ये ती देशभर सुरू झाली. सरकारी वेळापत्रकात ती सहाव्या आठवड्यात, चौदाव्या आठवड्यात आणि नवव्या महिन्यात दिली जाते. खासगी दवाखान्यात वेळापत्रक थोडे वेगळे असू शकते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने डिसेंबर २०२० मध्ये "न्यूमोसिल" ही दहा प्रकारांवरची लस आणली, ती भारतात विकसित झालेली पहिली न्यूमोकॉकल कॉन्ज्युगेट लस.

ही लस बाळाच्या नाका-घशात जंतूला ठाण मांडू देत नाही. त्यामुळे त्याला मांडीवर घेऊन बसणाऱ्या आजीकडेही जंतू कमी जातो. बाळाचे लसीचे कार्ड आज काढून बघा. नवव्या महिन्याचा डोस राहिला असेल तर आशाताईंना किंवा उपकेंद्रात विचारा.

दुष्परिणाम आणि घ्यायची काळजी

इंजेक्शनच्या जागी दुखणे, थोडी सूज किंवा लाली, अंगदुखी, थकवा, किंचित ताप. एवढे होऊ शकते आणि ते एक-दोन दिवसांत जाते. गरज वाटली तर पॅरासिटामॉल घेता येते. तीव्र ॲलर्जी फार क्वचित होते, पण ती झाली तर पहिल्या काही मिनिटांतच दिसते. म्हणून लस घेतल्यावर दवाखान्यात पंधरा ते वीस मिनिटे बसायला सांगतात. ती वेळ काढाच.

- पूर्वीच्या डोसनंतर किंवा लसीतल्या घटकामुळे तीव्र ॲलर्जी झाली असेल तर ही लस घेऊ नये. डॉक्टरांना आधी सांगा.
- जोराचा ताप किंवा गंभीर आजार चालू असेल तर बरे झाल्यावर घ्या. साध्या सर्दीसाठी थांबायची गरज नाही.
- रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तसे सांगा. बारीक सुईने लस देता येते. नंतर ती जागा दोन मिनिटे दाबून धरावी, चोळू नये. गोळी स्वतःहून बंद करू नका.

रुग्ण नेहमी विचारतात ते प्रश्न

*लसीमुळेच न्यूमोनिया झाला तर?*
होत नाही. या लसीत जिवंत जंतू नसतात, त्याच्या वेष्टणाचे अंश असतात. लस घेतल्यावर लगेच कुणाला खोकला-सर्दी झाली तर तो योगायोग असतो.

*कोविडची लस घेतली आहे, मग ही कशाला?*
दोन्हींचे जंतू वेगळे आहेत. कोविडची लस न्यूमोकॉकसवर चालत नाही.

*मला न्यूमोनिया होऊन गेला आहे. आता लसीची गरज आहे का?*
हो. एकदा झालेला न्यूमोनिया वेगळ्या जंतूचा किंवा वेगळ्या प्रकाराचा असू शकतो. पूर्ण बरे झाल्यावर लस घ्यावी. सुरुवातीला सांगितलेल्या अण्णांनीही बरे झाल्यावर घेतली.

*फ्लूची लस आणि ही एकच का?*
नाही. फ्लूचा विषाणू सतत बदलतो म्हणून ती लस दरवर्षी घ्यावी लागते. न्यूमोकॉकसची लस बहुतेकांना एकदाच किंवा दोनदा लागते. पण दोघींची जोडी आहे. फ्लूने श्वासनलिकेचे अस्तर सोलवटले की न्यूमोकॉकसला आत शिरायला वाट मिळते. १९१८ ची साथ, जिला आपल्याकडे "मानमोडी" म्हणत, तिच्यात मोठ्या प्रमाणात मृत्यू झाले ते फ्लूच्या पाठोपाठ आलेल्या जिवाणूंच्या न्यूमोनियामुळे. दोन्ही लसी एकाच दिवशी दोन दंडांत घेता येतात.

*मधुमेह आहे. लसीने साखर वाढेल का?*
लसीमुळे साखरेच्या नियंत्रणात बिघाड होत नाही. ताप-कणकण आली तर एखादा दिवस आकडा थोडा वर-खाली होऊ शकतो. नेहमीची औषधे चालू ठेवा.

लस घेतली तरी ही लक्षणे ओळखा

ताप, थंडी वाजणे, पिवळा किंवा गंजासारख्या रंगाचा बेडका, श्वास घेताना छातीत टोचणे ही न्यूमोनियाची नेहमीची लक्षणे. पण वयस्कर माणसात ती पुष्कळदा दिसत नाहीत. ताप नसतो. जेवण सुटते, माणूस गुंगीत राहतो, असंबद्ध बोलतो, चालताना तोल जातो. घरचे म्हणतात, "वयामुळे होत असेल." अण्णांच्या घरी तेच झाले होते. आदल्या दिवशीपासून खुणा दिसत होत्या, पण त्या न्यूमोनियाच्या वाटल्या नाहीत.

अशा वेळी एक साधी गोष्ट करा. माणूस शांत बसलेला असताना घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट त्याचे श्वास मोजा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या "सर्च" संस्थेने गावातल्या कार्यकर्त्यांना बाळांचे श्वास मोजायला आणि उपचार करायला शिकवले. त्यातून बालन्यूमोनियाचे मृत्यू कमी झाले, आणि १९९० मध्ये "लॅन्सेट" या नियतकालिकात तो अभ्यास प्रसिद्ध झाला. जे गावातल्या कार्यकर्त्याला जमले ते तुम्हालाही जमेल.

पुढीलपैकी काहीही दिसले तर त्याच वेळी रुग्णालय गाठा, सकाळची वाट पाहू नका:

- मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला ३० किंवा त्याहून जास्त
- ऑक्सिजन ९४ च्या खाली (फुप्फुसाच्या जुन्या आजारात तुमचा नेहमीचा आकडा डॉक्टरांकडून आधी समजून घ्या)
- गोंधळलेले बोलणे, माणसे न ओळखणे, उठवूनही नीट जागे न होणे
- ओठ किंवा नखे निळसर होणे, बेडक्यात रक्त
- बाळाच्या बाबतीत: दोन महिन्यांखाली श्वास ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षे ४० किंवा जास्त, बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणे, दूध न ओढणे

घरात पडलेल्या जुन्या अँटिबायोटिकच्या गोळ्या देऊन दोन दिवस घालवू नका. अर्धवट औषधाने आजार दबल्यासारखा वाटतो आणि आतून वाढतो.

पुढच्या भेटीत एवढे करा

आई-वडिलांना तपासणीसाठी नेताना तीन गोष्टी कागदावर लिहून न्या: त्यांचे वय आणि आजार, चालू असलेली औषधे, आणि आधी कोणती लस कधी घेतली ते. मग डॉक्टरांना सरळ विचारा, "यांना न्यूमोनियाची लस द्यायची का, आणि कोणती?" डॉक्टरांनी विषय काढला नाही तर तुम्ही काढा. मला तो प्रश्न विचारला गेला तेव्हा उशीर झाला होता. तुमच्याकडे अजून वेळ आहे.

लस घेतली की तिचे नाव आणि तारीख फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढा. पुढच्या वर्षी दुसरा डोस द्यायचा की नाही, हे त्याच ओळीवरून ठरते.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या आजारानुसार लस आणि डोस यांचा निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.)